एक वाक्य पुढं गेलेली पोर

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळीचे ज्येष्ठ वडील माननीय जोतीरामराव, व्यासपीठावरचे आपले पाळकसाहेब, बाहेरगावाहून आलेले सन्माननीय पाहुणे, महिला मंडळाच्या माझ्या बहिणी, आणि पंख्याखालच्या खुर्च्या सकाळपासून धरून बसलेली तरुण संघाची पोरं, सगळ्यांना ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मी शरणम्मा. आज आपण जिला निरोप देतोय त्या सुकन्येच्या बापाची आई. माझी शाळा तिसरीच्या पलीकडं गेली नाही, त्यामुळं भाषणात वाकडंतिकडं आलं तर सांभाळून घ्या. पाळकसाहेब म्हणाले, "आजी, पाच मिनिटं." मी म्हटलं, "साहेब, पाच मिनिटांत माझा नुसता पदर सावरून होतो."

तर गेल्या रविवारी सुकन्येला पाळकपणाची दीक्षा मिळाली आणि आता ती वळसंगच्या बाजूला एका लहानशा मंडळीची पाळक म्हणून चालली आहे. आपल्या या मंडळीतून पाळक झालेली ही पहिलीच मुलगी. मला सकाळपासून जेवण गोड लागत नाही, म्हणजे दुःखानं नव्हे, आनंदानं. आनंदानंही पोट भरतं की!

या भिंतीवर बघा. केवढाले फोटो आहेत. दाढीवाले गोरे साहेब, बैलगाडीतून आलेले. त्यांच्या शेजारी आपले पहिले मराठी पाळक, झांजा घेऊन येशूचं कीर्तन करायचे, म्हणे आख्खा गाव पारावर बसायचा. मोठी माणसं, खरंच मोठी. आणि आता तर मोठे उपदेशक मोबाइलमध्येच आले. अंगठ्यानं एकाला वर सारलं की खालून दुसरा येतो. मी भाकरी थापताना तिघांचे उपदेश ऐकते. परवा हालेलुया म्हणता म्हणता भाकरी करपली.

पण माझी आजी मायाक्का कुठल्या फोटोत नाही. ती बायबलबाई होती, घरोघरी जाऊन सुवार्ता सांगायची. परक्या घरात गेली की आधी तोंड उघडायची नाही. त्या घरची बाई दळत असली की समोर बसायची, जात्याच्या खुंट्याला हात लावायची आणि दळता दळता गोष्ट सुरू करायची. दळण संपायचं, पण गोष्ट संपायची नाही. बाई म्हणायची, "अगं मायाक्का, फुडं काय झालं?" मग ही म्हणायची, "उद्याचं दळण काढून ठेव, सांगते." असा तिचा उपदेश. मांडव नाही, भोंगा नाही.

मांडवावरून आठवलं. माझं असंच आहे, एकाचं दुसऱ्यात जातं. सहा-सात वर्षांमागची ती उज्जीवन सभा आठवते ना? रेव्हरंड तिप्पण्णा आले होते. एवढा मोठा माणूस, कर्नाटकात मैदानं भरवणारा, चौकात त्यांचं हे एवढं फ्लेक्स. ते बोलणार कानडीत आणि शेजारी उभं राहून आपले बिभीषण सर वाक्यामागून वाक्य मराठीत सांगणार. पाहुण्यांनी हात वर केला की सरांनी हात वर, पाहुणे रडले की सरही रडणार. पहिल्या दिवशी सर इतके मनापासून रडले, की दुसऱ्या दिवशी घसाच बसला.

आता? कानडी येणारी माणसं सोलापुरात ढीगभर. पण कानडी आणि मराठी, दोन्ही पवित्र शास्त्रांची भाषा कुणाला येते? सुकन्येला. कारण मी अक्कलकोटकडची, माझं शास्त्र कानडीत, आणि माझ्या डोळ्यांना ते दिसेना झाल्यापासून रोज दिवेलागणीला ही मला वाचून दाखवायची.

अध्यक्षसाहेब, हसू नका, आता तुमचंच येतंय.

जोतीरामराव म्हणाले, "पोरगी व्यासपीठावर? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना शास्त्रातलं कानडी येत न्हाय, ते काय म्हणत्याल?" शेवटी कबूल झाले, पण अट घातली, "पाहुणे बोलतील तेवढंच. जास्तीचा एक शब्द नाही. एक जरी शब्द वाढला, तरी ही पोरगी पुन्हा या मंडळीत माइकला हात लावणार नाही."

त्या दिवशीचा उपदेश विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा. येशू भेटला आणि ती घागर तिथंच टाकून गावाला सांगायला पळाली. पाहुणे बोलत होते, ही सांगत होती, सगळं कसं ठीक. पाहुणे म्हणाले, "तिनं घागर सोडली." हिनं सांगितलं, "तिनं घागर सोडली." पाहुण्यांनी श्वास घेतला. आणि ही थांबलीच नाही! म्हणाली, "बायांनो, टँकर आल्यावर आपण घागर सोडतो का? नंबर जाईल म्हणून जिवापाड धरतो. मग तिनं सोडली, तर तिला केवढं पाणी मिळालं असंल!"

मांडवातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. पण मला दोन्ही भाषा कळतात. पाहुणे असं काही बोललेच नव्हते!

पाहुण्यांनी वळून विचारलं, "एन् हेळ्दि?" म्हणजे, काय बोललीस? पोरीचा चेहरा उतरला. तिनं खरं ते कानडीत सांगून टाकलं. तो एवढा मोठा माणूस हसला, एक पाऊल मागं सरला आणि म्हणाला, "मुंद हेळवा." पुढं सांग, बाई. आणि शेजारच्या माणसाला म्हणाला, "ती काय बोलते ते मला कानडीत सांग."

या भिंतीवरच्या सगळ्यांना माझा नमस्कार. पण माणसाचा मोठेपणा मी मोजला तो त्या एका पावलावरून.

आणि आपले जोतीरामराव कुठं होते? बाई बोलायला उभी राहिली की त्यांना मांडवाचे दोर तपासायची आठवण होते, तसे ते बाहेर दोर ओढत होते. पण भोंगा बाहेरच लावला होता की! दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले. मला वाटलं, झालं, आता पोरीचा माइक गेला. चहाचा कप खाली ठेवून हळूच म्हणाले, "शरणम्मा, वारं लई होतं. त्या घागरीचं फुडं काय झालं?"

मी आत हाक मारली, "सुकन्ये, ये गं, सांग ह्यांना."

पुढं त्यांनीच मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांच्या बैठकीत तिला धर्मशिक्षणाला पाठवायचं नाव काढलं. फक्त म्हणाले, "शिकू द्या. पाळक करायचं ते मागनं बघू." तर साहेब, मागनं म्हणजे आज.

आता शेवटचं. सभेचा शेवट आशीर्वादानं होतो आणि तो हात वर करून दीक्षा झालेल्या पाळकानंच द्यायचा, ही आपली रीत. बाहेरचे पाहुणे आहेत, आपले पाळकसाहेब आहेत, त्यांचा मान मोठाच. पण आज आणखी एक पाळक इथं बसली आहे. तिनं अजून कुणाला आशीर्वाद दिलेला नाही. तो पहिला आपल्याला मिळावा, अशी या म्हातारीची विनंती आहे. मला माझ्या नातीपुढं मान वाकवायची आहे. ठरवायचं अध्यक्षांनी. दोर बघायला मात्र जाता येणार नाही साहेब, आज पक्का हॉल आहे.

काय म्हणता?... बघा, बघा, साहेबांनी आधी चष्मा काढला, आता मान हलवली! अहो, टाळ्या नंतर!

तुम्ही सगळ्यांनी माझ्या पोरीला वाढवलं, त्याबद्दल तुमचे उपकार. ज्यांची नावं राहिली त्यांनी राग धरू नये. कुणाला बोलता बोलता चिमटा बसला असेल, तर म्हातारीची बोटं म्हणून विसरून जा.

चला, उठून उभे राहू या, माना खाली घालू या. जोतीरामराव, तुम्हीही. सुकन्ये, ये पुढं. आज भाषांतर लागणार नाही.