धाकटीला सांगायचं राहिलं

नाही हो, तुमच्या आईंचा मोतीबिंदू वेगळा. तो काढला की पुन्हा दिसतं. हा काचबिंदू — डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस सुकत जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही. दुखत नाही, खुपत नाही — आधी कडेकडेचं दिसायचं बंद होतं, समोरचं मात्र लख्ख. मग माणसाला कळणार कसं? तपासल्याशिवाय नाहीच कळत. आत आहे ना, ती माझी धाकटी बहीण. त्या मशिनमध्ये डोकं घालून बसलीय, दिवा दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ बटणाचा आवाज नाही — तुम्हाला येतोय? नाही ना.

दाराला धडकायची, कपाला हात लागून चहा सांडायचा. मीच म्हणायचो, धांदरट आहेस नुसती. हसायची बिचारी. शिवणकाम करते, सुईत दोरा एका झटक्यात ओवते, मग तिच्या डोळ्यांवर शंका कोण घेणार? मी घ्यायला हवी होती. मला माहीत होतं. म्हणजे — आता तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही कुठे पुन्हा भेटणार — मला स्वतःला आहे. सहा वर्षं झाली. चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा सापडलं, अगदी सुरुवातीला. रोज थेंब घालतो, माझं काही बिघडलं नाही. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, हे घराण्यात चालतं, सख्ख्या भावंडांना तपासून घ्या. मी मान डोलावली, घरी आलो आणि थेंबांची बाटली मोज्यांच्या कप्प्यात लपवली. मी गाडी चालवायला शिकवतो हो. शिकवणाऱ्याच्याच डोळ्यांत खोट म्हटल्यावर शेजारी बसणार कोण? आणि तिला सांगितलं की गावभर — नाही, हे खोटं बोलतोय मी. ती कुणाला काही सांगत नाही. मलाच लाज वाटत होती. आता तर तिच्या तोंडाकडे बघवत नाही मला.

मघाशी डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला आहे का? तर मोठ्या तोऱ्यात म्हणाली, छे, आमच्या दादाची नजर तर घारीची. मी शेजारीच उभा होतो, बुटांकडे बघत.

दार उघडलं — तुम्ही काही ऐकलं नाही हं. ये गं, हात दे, इथे पायरी आहे. काय म्हणाले? ... डावा गेलाच? आणि उजवा? ... निम्मा. बरं. अजून काय म्हणाले? ... भावाला लगेच तपासायला सांगा? ... हो गं. माझ्यासाठी कशाला रडतेस? येतो ना तपासून. आजच येतो.

तुम्ही काय बघताय? जा, तुम्हाला आत बोलावतायत.