शेपटीचा तुकडा

नाही, यान, वीबकेची टोपी मी करणार नाही — अठरा वर्षं या लॅबमध्ये पीएचडीची तोंडी परीक्षा देऊन बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावरची टोपी मीच केली, पुठ्ठा कापायचा, वर त्याच्या कामाची गंमत चिकटवायची, हो, तुझीही करीन, पण तिची नाही. राग? छे, राग कशाला येईल मला? ते पान धर. सिरिंजला सुई नको, पानाच्या पाठीवर नुसती टेकव आणि हळू दाब — तंबाखूचं पान आहे, फाटतं. वीबकेलाही हे मीच शिकवलं.

तिचं म्हणणं काय, तर प्रोटीनचा मधला लांब तुकडाच त्याला पेशीतल्या तेलाच्या थेंबावर नेऊन बसवतो. मला म्हणाली, शेपूट, म्हणजे शेवटचा छोटा तुकडा, कापलेलं प्रोटीन पानात घाल. आता स्पिरिटने नळ्यांवरचे आकडे पुसले गेलेले, आणि मी घातलं नेमकं उलटं — नुसती शेपूट! सूक्ष्मदर्शकात बघते तर प्रत्येक थेंबाभोवती, प्रोटीनला जोडलेल्या रंगाचं, हिरवं चमकणारं कडं. म्हणजे पत्ता शेपटीत होता, मधे नाही. ती म्हणाली, चुकलंय, टाकून दे. मी टाकलं नाही. रविवारी येऊन तीनदा केलं, तिन्ही वेळा कडं. मग गळ्यात पडली, माझ्या हातचा आलुबुखाराचा केक खात म्हणाली, "उटा, पेपरवर तुझं नाव माझ्या शेजारी." आणि मी वेडी, घरी भिंतीत खिळा ठोकून ठेवला, पेपरचं पहिलं पान चौकटीत घालून लावायला.

सोमवारी पेपर छापून आला. पाच नावं — त्यातला एक तर कधी पानाला शिवला नाही. मी कुठे? शेवटी, आभारात, झाडांची निगा राखल्याबद्दल. प्रोफेसर म्हणाले, यादी वीबकेनेच दिली. ती जिन्यात भेटली, मान खाली घालून गेली. पोरीसारखं केलं रे मी तिचं. फार लागलं मला.

काय? उद्या तोंडी परीक्षा, टोपीशिवाय कसं बाहेर यायचं तिने? — ते कपाट उघड. खालचा कप्पा. हो, तीच. पिवळ्या लोकरीचे थेंब, भोवती हिरवं कडं. पेपर यायच्या आधीच केली होती, टाकवली नाही. ने. कोणी केली विचारलं तर माझं नाव सांगू नकोस, तिला सवय आहे त्याची. आणि दार ओढून घे, पानांना गारठा सोसत नाही.