मॉरिशसचे चार मुक्काम

दत्तराव : नकाशा धरून ठेवा वहिनी, पंख्यानं उडायलाय. हे बघा, विमान इथं उतरतंय, खाली उजव्या कोपऱ्यात. आन् रामदासचं गाव, हे माहेबूर, तिथून बोटभर बी लांब न्हाई. म्हणून पहिला मुक्काम रामदासकडं.

कस्तुराबाई : बाळकृष्ण काय म्हणंल? लग्न त्याचं, तिकीट त्यानं धाडलं, आन् मी उतरल्याबरोबर दुसऱ्याच्या घरी जेवायला बसू?

दत्तराव : लग्न सातव्या दिवशी हाय. त्याच्या घरी आत्ता मांडवाची धांदल. तुमी दोन दिवसांनी गेलात तर त्याचीच सोय होईल. रामदास, मग बाळकृष्ण, लग्न उरकलं की नामदेव. तो हिकडं पश्चिमेच्या अंगाला राहतोय, कास्काव्हेलला. बावीस वर्षं परभणीच्या स्टँडावर गाड्या सोडल्यात मी. बारा दिवसांचा बंदोबस्त म्हणजे काय लय मोठं काम न्हाई.

धुरपताबाई : दादा, किती लांब म्हनायची ही गावं एकमेकाला?

दत्तराव : सगळा देशच केवढा, तर लांबीला इथून सोनपेठ आन् रुंदीला इथून जिंतूर.

धुरपताबाई : बस? आन् चारी बाजूनं पानी?

दत्तराव : चारी बाजूनं समुद्र. मधी समदा ऊस.

धुरपताबाई : मंग ही पोरं हितं कशाला आली व्हती शेतकी शिकायला? घरचा ऊस सोडून?

कस्तुराबाई : ऊस त्यांच्या पणजोबांनी तोडला. कोकणातून बोटीनं गेलेली माणसं ती. पोरांना वाटलं, शिकायचं तर पणज्याच्या मुलखात शिकावं. आले विद्यापीठात, आन् चार वर्षं माझ्या खानावळीत जेवले. पहिल्या दिवशी नामदेव मला म्हणाला, ‘आये, वाईच भात वाढ.’ मी बघतच राहिले. एवढा लांबून आलेला माणूस आन् बोली अशी जुनी.

धुरपताबाई : ठेचा खाऊन रडला व्हता त्यो.

कस्तुराबाई : तोच. आता तीन मजली घर हाय त्याचं.

दत्तराव : तर लिहितो. वैशाखात विद्यापीठाला सुट्ट्या लागल्या की खानावळ बंद. परभणीहून रात्रीची गाडी, मनमाडला गाडी बदलायची, मुंबईपर्यंत मी संगं येतो. विमानात तुमी एकट्या. भ्या वाटतंय का?

कस्तुराबाई : कशाचं? साठ पोरांचा स्वयंपाक दोन्ही वक्त पंचवीस वर्षं केला. विमानात तर मला नुसतं बसायचंय.

दत्तराव : आन् तो गंगातलाव बघायचाय म्हणाला होतात. डोंगरावर तळं हाय, काठाला महादेव. तो बाळकृष्णाच्या गावापासून जवळ पडतो. लग्नाच्या आदल्या... वहिनी, हे वर काय सांडलं? उत्तरेला, ट्रिओले म्हणून गाव हाय, त्याच्यावर हळदीचा डाग पडलाय.

कस्तुराबाई : डाग न्हाई तो. मी बोट लावलंय.

दत्तराव : कशाला?

कस्तुराबाई : तिथं बी एक मुक्काम हाय. दोन दिवस.

दत्तराव : तिथं आपलं कोण हाय? तीन पोरं, तीन गावं. ही सगळी वाट खालच्या अंगाची. वर जाऊन यायचं म्हणजे दोन दिवस फुकट जायलेत.

कस्तुराबाई : शिवराम राहतो तिथं.

दत्तराव : कोण शिवराम?

धुरपताबाई : चौथा. दादा, तुमाला याद नसंल. मला हाय.

दत्तराव : त्याचं पत्र न्हाई, निमंत्रण न्हाई. पत्ता तरी कुठून काढलात?

कस्तुराबाई : कॉलेजच्या जुन्या वहीतून उतरवून घेतला. त्या तिघांना विचारता येत न्हाई, त्यांच्याशी तो बोलत न्हाई. तसंच तर झालंय सगळं.

दत्तराव : काय झालंय? मला कळंल असं सांगा.

कस्तुराबाई : दहा वर्षं झाली. नामांतराची दंगल होऊन गेली होती, कॉलेज पुन्हा उघडलं होतं. सुखदेव म्हणून एक पोरगा जेवायला होता माझ्याकडं. शांत. ताट धुऊन ठेवणारा. तोवर त्याची जात कुणी विचारली नव्हती. त्या आठवड्यात सगळ्यांनी विचारली. वीस पोरं दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, तो पंगतीत बसला तर उद्यापासून आमी दुसरीकडं.

दत्तराव : हां. ते.

कस्तुराबाई : मी दुपारी पंगतीत गेले. तो निम्मा जेवला होता. म्हणाले, सुखदेव, उद्यापासून डबा भरून ठेवीन, खोलीवर नेऊन खात जा. आवाज बी चढवला न्हाई मी. वरणाला मीठ कमी हाय म्हणून सांगावं तसं सांगितलं. तो उठला, ताट धुतलं आन् गेला.

धुरपताबाई : आन् ह्यो शिवराम उटला. भरल्या ताटावरून.

कस्तुराबाई : मी म्हणाले, बस बाबा, तू परदेशातला, तुला हिथलं कळायचं न्हाई. तर म्हणतो कसा, ‘आई, माझा पणजा बोटीत बसला तेव्हा त्याला पंगत कुणी विचारली नव्हती. सगळ्यांनी एका भांड्यातलं खाल्लं, म्हणून जिवंत पोचला.’ त्यानंतर तो आला न्हाई. बाकीचे तिघं जेवत राहिले. म्हणून तो त्यांच्याशी बी बोलत न्हाई.

दत्तराव : वहिनी, त्या वक्ताची हवाच तशी होती. सगळीकडं तेच चालू होतं. खानावळ बंद पडली असती तर तुमी खायचं काय? माझा थोरला भाऊ जाऊन वर्ष झालं नव्हतं.

कस्तुराबाई : हेच तुमी तेव्हा बी बोललात.

दत्तराव : मी?

कस्तुराबाई : तुमी. सकाळी स्टँडावरून आलात, ह्याच खुर्चीवर बसलात. म्हणालात, ‘एकापायी वीस कशाला घालवता?’ बोलले मी, म्हणून माझं मी भोगते. पण बोल तुमचे होते.

दत्तराव : म्हणालो असंन.

कस्तुराबाई : तर मला ट्रिओलेला जायचंय. लग्न हाय, आनंद हाय, सगळं हाय. पण तिकीट हातात पडलं तेव्हा पहिल्यांदा मनात तोच आला. त्याच्या पुढं उभं राहून सांगायचं, तू उठलास ते बरोबर केलंस. एवढं बोलून आले तरी चालंल. तुमी वेळ बसवा.

दत्तराव : बसवतो. लग्नानंतर दोन दिवस वर. नामदेवचा एक दिवस कमी करू.

धुरपताबाई : बाई, एक बोलू का?

कस्तुराबाई : बोल की. भाकरी करपायली, ती उलटव आन् बोल.

धुरपताबाई : जो उटला त्याच्याकडं तुमी समुद्र वलांडून जायलाव. आन् ज्याला उटवलं, त्यो?

कस्तुराबाई : त्याचा पत्ता कुठं हाय मला.

धुरपताबाई : मला हाय. बोरीला राहातो सुखदेव. माझी लेक दिलीय न्हवं तिथं. शेतकी खात्यात हाय, सायकलीवर फिरतो. दिवाळीला गेल्ते तवा रस्त्यात उतरून बोलला. ‘मावशी, भाकऱ्या थापून हात दुकत्यात का आता,’ म्हनून इचारलं.

कस्तुराबाई : आन् माझं?

धुरपताबाई : तुमचं न्हाई इचारलं.

दत्तराव : धुरपताबाई, हे तुमी एवढ्या दिवसांत बोलला न्हाईत.

धुरपताबाई : कुनी इचारलं व्हतं? म्या डबा भरून ठिवला व्हता तवा, तीन दिस. तीन बी दिस सुखदेव न्यायला आला न्हाई, भरलेला तसाच म्या परत रिकामा केला. बाईनी बघितलं, म्या बघितलं. कुनी काय बोललं न्हाई.

कस्तुराबाई : बोरी म्हणजे तासाची वाट.

दत्तराव : जिंतूरच्या गाडीनं तास बी लागत न्हाई.

कस्तुराबाई : दहा वर्षं झाली, आन् वाट तासाची बी न्हाई. आन् मी नकाशावर हळद लावत बसले. भावजी, ती वही मिटा. रविवारी पहिली गाडी कितीला?

दत्तराव : सव्वासातला. वहिनी, त्यानं घरात घेतलं न्हाई तर?

कस्तुराबाई : तर परतीची गाडी पकडायची. तिची वेळ बी लिहून ठेवा.

दत्तराव : दोन तिकिटं काढतो.

कस्तुराबाई : धुरपताला खानावळ सांभाळावी लागंल.

दत्तराव : धुरपताबाईचं न्हाई. माझं.

(रविवारी संध्याकाळी, खानावळीच्या स्वयंपाकघरात. दोघं नुकतेच बोरीहून परतलेत.)

धुरपताबाई : पानी घ्या आदी. भेटला का?

कस्तुराबाई : भेटला. आदी बायको भेटली. मी नाव सांगितलं तशी तिचा चेहरा बदलला. म्हणजे घरात माझं नाव माहीत हाय. या म्हणाली न्हाई, जा बी म्हणाली न्हाई. लिंबाखाली बाज होती, तिच्यावर बसलो. तिनं पाणी आणून दिलं.

दत्तराव : तो शेतावर गेला होता. अकराला आला. सायकल लावली आन् आमच्याकडं बघत तसाच उभा.

धुरपताबाई : तुमी काय बोललाव?

कस्तुराबाई : गाडीत सगळं ठरवलं होतं, पुढून मागून कसं बोलायचं ते. तिथं एवढंच आलं तोंडातून : सुखदेव, त्या दिवशी मी चुकले. भिऊन चुकले, पण चुकले.

धुरपताबाई : आन् त्यो?

कस्तुराबाई : चपला काढून समोर बसला. मग म्हणाला, ‘बाई, त्या दिवशी वरण चांगलं झालं होतं. ते अर्धं राहिलं, एवढं ध्यानात हाय.’

धुरपताबाई : मंग?

दत्तराव : मग मी उठलो. म्हणालो, वहिनीला ते सांगणारा मी होतो. तो म्हणाला, ‘तुम्हाला मी ओळखत नाही.’ रागानं न्हाई म्हणाला. खरंच ओळखत नव्हता. मला वाटलं होतं शिव्या घालंल. तसं बी झालं न्हाई. मी परत बाजेवर बसलो.

कस्तुराबाई : मग म्हणाला, ‘माफ केलं असं म्हणणं मला जमत नाही. त्या वर्षी परीक्षा मी चुरमुऱ्यावर दिली. शिवरामनंही माझ्या खोलीवर येऊन चुरमुरेच खाल्ले. पण तुम्ही आलात ते चांगलं केलंत.’ तेवढ्यात बायकोनं आतून हाक मारली, पानं वाढली म्हणून. तिनं कधी चूल पेटवली ते मला कळलं बी न्हाई. तो म्हणाला, ‘उन्हाचं कुठं जाता? चला.’

धुरपताबाई : जेवलाव?

कस्तुराबाई : एका ओळीत. त्याची आई, तो, मी आन् भावजी. दुसऱ्याच्या हातचं जेवायला पंचवीस वर्षांत मी बसले न्हाई कुठं. घास घेतला आन् थांबले, तर त्याची म्हातारी म्हणाली, ‘जेव बाय, गार होतंय.’

दत्तराव : पिठलं होतं. मी तीन भाकरी खाल्ल्या.

धुरपताबाई : कशी व्हती भाकरी?

दत्तराव : खरं सांगू का? तुमच्यापेक्षा पातळ.

धुरपताबाई : लहान तव्यावर व्हती पातळ. साठ पोरांचं थापून दाव म्हनावं.

कस्तुराबाई : पुढचं ऐक. जेवताना मी म्हणाले, शिवरामला बी भेटायला जायलेय, ट्रिओलेला. तर सुखदेव पहिल्यांदा हसला. ‘तिथं कशाला जाता? तीन वर्षं झाली, तो दक्षिणेला सुयाकला असतो. उसाच्या मळ्यावर अधिकारी आहे.’ आत गेला आन् पत्र्याचा डबा घेऊन आला. डबाभर पत्रं. दहा वर्षं लिहायलेत दोघं एकमेकांना.

धुरपताबाई : आन् तुमी वर जाऊन कुनाचं दार वाजवलं असतं?

कस्तुराबाई : कुणाचं तरी वाजवलं असतं आन् तशीच परत आले असते. भावजी, काढा वही.

दत्तराव : गाडीतच विचार केलाय मी. सुयाक खालच्या टोकाला हाय, विमानतळापासून लय लांब न्हाई. तर उतरल्यावर पहिला मुक्काम शिवरामकडं. तिथून वर चढताना गंगातलाव वाटंवर पडतो. तो बघून बाळकृष्णाकडं, लग्न. मग नामदेव. रामदास शेवटी, कारण परत निघताना विमानतळ त्याच्या घरापासून जवळ. दोन दिवस वाया जाणार होते ते बी वाचले.

कस्तुराबाई : रामदास रुसंल.

दत्तराव : त्याला लिहितो, आई जाताना तुझ्याच घरून निघंल. खूश होईल.

कस्तुराबाई : आन् शिवराम आला तर त्याला घेऊनच मी लग्नाला जाईन. त्या तिघांच्या मधी नेऊन बसवीन. पुढचं त्यांचं ते बघतील.

दत्तराव : येईल?

कस्तुराबाई : मी विचारीन. मोठा झाला तरी मला आई म्हणून गेलेला पोरगा हाय तो.

धुरपताबाई : पन बाई, त्याला म्हाईत तरी कसं व्हनार तुमी यायलाव ते? आचानक दारात बघून काय म्हनंल त्यो?

कस्तुराबाई : सुखदेव लिहितो म्हणाला. आम्हाला गाडीवर सोडायला आला, तेव्हा म्हणाला, ‘मी आज रात्री त्याला कळवतो, तुम्ही येताय म्हणून.’

धुरपताबाई : काय कळवनार म्हनला तुमच्याबद्दल?

कस्तुराबाई : ते मी विचारलं न्हाई. पत्र त्याचं हाय.