यवन राजाचा टाक

मंडळी, एक सांगा. खोटी शपथ घेणारा मोठा पापी, की ती खोटी आहे हे ठाऊक असून गप्प बसणारा? घाई नको. आधी ऐका.

एका गावात एक विधवा. आपण तिला भागाक्का म्हणू. तिच्या देवघरात पाटावर चांदीचे टाक, तुमच्या घरी असतात तसेच. पण त्यातला एक जाड, गोल. पुढे शिरस्त्राण घातलेलं नाकेलं तोंड, मागे ढाल घेतलेली बाई. घरचे म्हणायचे, पुढे खंडोबा, मागे म्हाळसा!

आणि होता कोण? ग्रीक राजा! दोन हजार वर्षांचं नाणं, आजेसासऱ्याच्या नांगराला लागलेलं. गंमत बघा — राजा मेला, राज्य बुडालं, पण भागाक्काच्या घरी त्याला रोज आंघोळ, हळद, सणाला पुरणपोळी! पोटच्या नातवांनी केलं नसेल एवढं!

चंपाषष्ठीला तिच्याकडे जेवायला आले एक साहेब. ठोसरसाहेब धरू. जुन्या नाण्यांचा नाद. घरी मखमलीवर राजांचे चेहरे ओळीनं मांडलेले. ओळीत एकच जागा रिकामी. आणि तो राजा इथं हळदीनं माखून बसलेला! घास तोंडातच राहिला.

विकत मागितला. ती नको म्हणाली. मग अभ्यासापुरता मागितला — माघ पुनवेआधी परत. तरी नको. मग साहेबांनी डोळे वटारले. हे सरकारी धन, तक्रार केली तर तुझ्या पोराला बेड्या पडतील.

पोराचं नाव निघालं अन् बाई नमली. म्हणाली, देवळात चला, बेलभंडार उचला. तिचा समज असा, की भंडारा हातात घेऊन माणूस खोटं बोलत नाही!

गाव जमलं. साहेबांनी बेलभंडार उचलला. "माघ पुनवेआधी आणून देईन." आवाज कापला नाही.

बाई गावाकडे वळली. "तुम्ही मला सासऱ्याच्या जागी. भरवसा ठेवू का यांच्यावर?"

शेजारच्या गावातून साहेबांनी असंच नेलेलं नाणं परत आलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक! पण साहेबांनी देवाला चांदीची प्रभावळ कबूल केली होती. सरपंच म्हणाले, "काकू, मोठा माणूस आहे. द्या." बाकीच्यांच्या माना खाली.

दिला तिनं. पुनव आली, गेली. ती अजून पाटावरच्या रिकाम्या जागेला हळद वाहते.

आता तुम्ही वाट बघताय, साहेबांना साप कधी चावतो, हात कधी झडतो? नाही! साहेब मजेत आहेत. आपण गप्प बसायचं अन् शिक्षा देवानं करायची — देव काय तुमचा रखवालदार आहे?

वर बघा. देवामागची ती प्रभावळ. आता मागे बघा, खांबापाशी बसलेल्या बाईकडे. तिचं नाव भागाक्का नाही, हे तुम्ही केव्हाच ओळखलंय. माना खाली घालू नका. त्या दिवशी घातल्यात तेवढ्या पुरे.

गजर नंतर. टाळ खाली ठेवा. आधी एकानं उठून त्या माउलीला म्हणा, "अनसूयाकाकू, शपथ खोटी होती आणि मला ते ठाऊक होतं."

उठा. मी थांबलोय.