बर्फात वांग्यांचा मांडव

मांडव बसला तेव्हा हे आत होते. माझ्या डोळ्यांदेखत बसला. मी कोबी कापायला बाहेर आले होते, हातात विळा, पायात सुनेचे गमबूट, आणि बघते तर आमच्या प्लॅस्टिकच्या मांडवाची पाठ आधी जराशी वाकली, म्हातारी म्हैस बसायच्या आधी वाकते तशी, आणि मग सगळाच खाली. आवाज म्हणाल तर फार नाही, बर्फात आवाज होतच नाही. भुस्स झालं आणि मांडवाच्या जागी पांढरा ढीग. मी हाक मारली, अहो. परत मारली, अहो, ऐकताय का. आतून काही नाही.

घरात दुसरं कोणी नव्हतं. मुलगा धरणावरच्या वीजघरात इंजिनियर, तो घाटापलीकडे अडकलेला. सून तिमारूच्या हॉस्पिटलात नर्स, तिची ड्यूटी संपली तरी रस्ता बंद म्हणून तिला येता येईना. वीज पहाटेच गेली होती आणि आमचा फोन विजेवर चालणारा, म्हणजे तोही गेलेला. मी कोबी टाकला आणि निघाले. पळाले म्हणणार नाही, गुडघ्याच्या वर बर्फ, त्यातून माझ्या वयाची बाई पळत नसते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं बर्फ पडतंय तर हा माणूस मांडवात काय करत होता. ते मागून सांगावं लागेल. मला तिथवर पोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सांगून होईल, घाबरू नका.

मी ओतूरजवळच्या वाडीतली. शाळा चौथीपर्यंत, पुढे वडील नको म्हणाले आणि मलाही नकोच होतं. लग्न होऊन गेले ती जवळच, माहेरी जे पीक तेच सासरी, कांदा, टोमॅटो, मेथी, कोथिंबीर. सगळा जन्म जुड्या बांधण्यात गेला, माझी बोटं बघा, सरळ होत नाहीत. एकच मुलगा, तो शिकला, पुण्याला गेला, पुण्याहून इकडे आला. दोन हजार सालानंतरची गोष्ट, सासूबाई गेल्या, जमीन पुतण्याला कसायला दिली आणि मुलगा म्हणाला आता तुम्ही दोघं या. आम्ही आलो. पहिल्यांदा ऑकलंडला, पापाटोएटोला राहिलो. तिथे काय नाही, कढीपत्ता मिळतो, पोहे मिळतात, देवळात बायका भेटतात, मला काही वाईट नव्हतं. पण घरापुढे जागा चटईएवढी. हे म्हणाले, मी इथे काय करू, खुर्चीत बसून टीव्ही बघू? मग बघा, म्हटलं. तर रुसून बसले. पुढे मुलाला ही नोकरी लागली, फेअरली गावाच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी घर मिळालं आणि घरामागे चांगली दोनेक गुंठे माती. काळी नाही, पण माती. हे गाडीतून उतरले ते घरात आलेच नाहीत, आधी मागे जाऊन मूठभर माती उचलून बघितली.

बियाणं इथे आणू देत नाहीत. यांनी धोतराच्या घडीत वांग्याच्या बियांची पुडी ठेवली होती, ती विमानतळावरच काढून घेतली. बरोबर केलं त्यांनी, मला सांगितलं असतं तर आधीच फेकायला लावली असती मी. मग मेथी आणि धने पापाटोएटोच्या दुकानातून मसाल्याचे मागवले आणि पेरले, निम्मे उगवले. धने पेरायच्या आधी आपण चपलेखाली रगडून दोन फाका करतो ना, तसं मी अंगणात मुलाच्या रबरी चपला, इथे जँडल म्हणतात त्या, घालून धने रगडत होते, तेव्हा कुंपणापलीकडून शर्लीनं पाहिलं. शर्ली म्हणजे शेजारीण. तिची मेंढरं आहेत, नवरा गेलेला, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच फटकळ तोंडाची. तिला वाटलं मी किडे मारतेय. फवारणीचा पंप घेऊन आली. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, म्हणून मी तिच्या पायाखाली चार धने टाकले आणि म्हटलं दाब. दाबले तिनं. पुढच्या महिन्यात तिच्या कुंपणालगत कोथिंबीर.

आणि बर्फाचं म्हणाल तर मला बर्फ आवडतं. गावाकडून फोन येतो, अगं कशी राहतेस त्या गारठ्यात. मी म्हणते मजेत. तिकडे जमीन कधी गप्प बसली नाही, एक काढलं की दुसरं, तण काढा, पाणी द्या, बाराही महिने कंबर वाकलेली. इथे सगळं उलटं, हिवाळा आषाढात, तेव्हा जमीन स्वतःच झाकून घेते. कोणी विचारत नाही आज काय केलंस. मी खिडकीत चहा घेऊन बसते आणि बघते, बस्स. गाजर मात्र जमिनीतच राहू द्यायचं, वरून बर्फ पडलं की ते असं गोड होतं, तुम्ही खाऊन बघा, मग हलव्यात साखर कशाला घालता विचारीन.

मला आवडतं, पण यांना वांगी हवीत. यांचं डोकं असं, की इथलं काळं लांबडं वांगं का होईना, उन्हाळ्यात आलं, आता छाटून हिवाळाभर जगवायचं आणि त्याचा खोडवा धरायचा, त्याच खोडावर दुसरं पीक. गावाला धरायचे तसा. म्हणजे पुढच्या मोसमात सगळ्यांच्या आधी वांगी आपल्याकडे. सगळ्यांच्या म्हणजे कोणाच्या? इथे दुसरं कोण वांगी लावतंय? मी विचारलं तर म्हणाले, तुला कळायचं नाही. त्यासाठी हा मांडव घातला, पाइपच्या कमानी आणि वर प्लॅस्टिक. आणि गारठा पडला की गावाला पौषात आम्ही काय करायचो, टोमॅटोच्या बांधावर ओला पाला पेटवून धूर करायचो, पिकाला ऊब धरते. तेच यांनी इथे केलं. त्या दिवशी सकाळी दोन घमेली निखाऱ्यांनी भरून आत नेली, वर ओला भुसा टाकला, दार लावलं आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून फटींत गोणपाट कोंबलं. आत बसून मधूनमधून झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचं म्हणजे बर्फ घसरतं, असा यांचा बेत. मी स्वयंपाकघरातून ते ठोकणं ऐकत होते. ठक, ठक. मग कोबी आणायला निघाले तेव्हा लक्षात आलं, बराच वेळ झाला ठोकणं ऐकू येत नाही.

तर मी पोचले. दार कुठे आहे तेच कळेना. हातात विळा होता तो प्लॅस्टिकमध्ये घातला आणि ओढला. आतून धुराचा भपकारा आला. अजून फाडलं, हातानं बर्फ उपसलं, तर गमबूट दिसला. गमबुटात पाय होता. ओढून पाहिला, हलेना, वर कमानीचा पाइप आडवा पडलेला आणि त्याच्यावर सगळा भार. रोपांचं लाकडी टेबल होतं त्यावर तो पाइप टेकला होता, नाहीतर छातीवरच. मी म्हटलं, अहो, बोला काहीतरी. शिव्या द्या पाहिजे तर.

माझ्यानं पाइप उचलेना. मग मी पत्र्याच्या टाकीपाशी गेले आणि खोऱ्यानं टाकी बडवली. बडवली, बडवली, हात सुजले. शर्लीला त्यातलं काहीसुद्धा ऐकू गेलं नव्हतं, हे तिनं नंतर सुनेमार्फत सांगितलं. ती मेंढरांना गवत टाकत फिरत होती ट्रॅक्टर घेऊन, आणि कुंपणावरून रोज दिसणारी मांडवाची पाठ आज दिसत नाही म्हणून बघायला वळली. ट्रॅक्टर कुंपण मोडून आत आला. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या गमबुटाकडे. ट्रॅक्टरचं पुढचं सुपडं पाइपाखाली घातलं आणि वर घेतलं. मी यांच्या काखेत हात घातले, ती खाली उतरून पायांशी आली. तिच्या भाषेत ती काहीतरी म्हणत होती आणि माझ्या भाषेत मी, आणि दोघींचं एकच चाललं होतं, ओढ, अजून ओढ.

बाहेर काढलं तर तोंड लालबुंद, ओठ कोरडे, डोळे मिटलेले. मी रडले का? नाही रडले. दोन थोबाडीत दिल्या. संसारात कधी हात उगारला नव्हता, तेवढं राहिलं होतं. शर्लीनं तोंडावर बर्फ चोळलं. मग यांना उबळ आली, ओकले, खोकले, आणि डोळे न उघडता म्हणाले, झाका, झाका, वांग्यांना गार लागेल.

शर्लीनं विचारलं काय म्हणतोय. मला शब्द येईना, मी बोटानं वांग्याचं रोप दाखवलं. ती म्हणाली, एगप्लांट? ब्लडी एगप्लांट? आणि मटकन बर्फात बसली. मग हसायला लागली आणि मीही. दोन म्हाताऱ्या बर्फात बसून हसतायत आणि मध्ये हा माणूस कण्हतोय.

शर्लीचा जुना फोन विजेशिवाय चालायचा, तिनं बोलावलं म्हणून दुपारी फेअरलीची डॉक्टरीण दुसऱ्या कोणाच्या ट्रॅक्टरवर बसून आली. नळी लावली, छाती तपासली. एक बरगडी मोडली होती. पण खरं काय ते तिनं नंतर माझ्या सुनेला सांगितलं आणि सुनेनं मला. म्हणे बंद जागेत निखारे ठेवले की वाईट हवा साठते, तिला वास नसतो, माणूस पेंगतो आणि संपतो. यांचं ठोकणं थांबलं तेव्हा हे पेंगले होते. ठोकणं थांबलं म्हणून बर्फ साठलं, बर्फ साठलं म्हणून मांडव बसला, आणि मांडव बसताना प्लॅस्टिक फाटलं म्हणून आत हवा शिरली. बसला नसता तर मी कोबी चिरून, फोडणीला टाकून, जेवायला चला म्हणून बोलवायला गेले असते.

गावाला आमचं शेत उघडं होतं हो. उघड्यावरचा धूर कोणाला मारत नाही. हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती, म्हणून आम्ही शर्लीकडेच राहिलो, तिच्याकडे लाकडाची मोठी शेगडी आहे, तिला धुराडं आहे, ते मी आधी बघून घेतलं. कोपऱ्यात हे कोचावर पडलेले आणि दोघी दोन भाषांत यांना बोलतोय. मी शेगडीवर भाकरी भाजायची, शर्ली तिला लोणी आणि प्लमचा जॅम लावून खायची. मी म्हटलं ठेचा लाव, तर एकदा लावला आणि दाराबाहेर जाऊन तोंडात बर्फ कोंबून आली. पण दुसऱ्या दिवशी परत मागितला. सकाळी दोघी बर्फ उकरून गाजरं काढायचो. सगळा डोंगर पांढरा, ऊन पडलं की डोळे दिपायचे, मेंढरांच्या तोंडातून वाफा. मला आवडलं ते सगळं, यांच्या बरगडीसकट सांगते. मुलगा आला तेव्हा दारातूनच ओरडायला लागला, बाबा तुम्हाला अक्कल आहे का. मी म्हटलं ओरडून झालं आमचं, तू जेव.

आता नवा मांडव आहे. मध्ये लाकडी खांब दिलेत, दोन्ही बाजूंना झडपा, आत काडेपेटी न्यायची नाही. हे ऐंशीला टेकलेत, मान थोडी थरथरते, ऐकू कमी येतं, मला बोलायला बरं पडतं. आताही मागेच आहेत, तुम्ही जाताना दिसतील, त्यांना म्हणावं चहा झालाय.

त्या मांडवातली वांगी सगळी गेली, मिरच्या गेल्या, एक रोप हिरवं राहिलं नाही. आमचे हे तेवढे वाचले.