क्रॉफिशला गोडं पाणी

मी गुहागरकडचा. आमचं काम पहिल्यापासून नळाचं, बाप गावात पाइप जोडायचा, तेच मी शिकलो, आणि काय सांगू तुमाला, नळ जोडणाऱ्याच्याच घरी मे महिन्यात टँकरची वाट बघायची. कुवेतला आलो तो प्लंबर म्हणून, आजपण माझ्या कागदावर प्लंबरच लिवलेलं हाय. मासळीशी माझा संबंध ताटापुरता.

पण हे मालकाला कोण सांगणार? इकडं मालकाला बाबाच म्हणतात. बाबांचं घर फिंतासला, सालमियात हॉटेल न वफ्राला शेत. हॉटेलात क्रॉफिश मिळतं, म्हणजे धड कोळंबीसारखं न नांग्या खेकड्याच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत मसाला घालून देतात, न लोक हातमोजे घालून खातात. ते यायचं परदेशातनं, बर्फात. तिकडं त्याला भातखाचरासारखी पाण्यानं भरलेली शेतं लागतात. एका वर्षी तिकडं पाऊसच नाय, शेतं सुकली, न भाव असा चढला की पिशवीत बटाटे जास्त न क्रॉफिश कमी. गिऱ्हाइकं वेटरांच्या अंगावर यायची. म्हणून बाबा बोल्ले, आपणच वाढवू. कुठं, तर वफ्राला, वाळवंटात! जिथं पाऊस पडतो तिथं दुष्काळ पडला म्हणून जिथं नदीच नाय तिथं क्रॉफिश! मी बोल्लो, बाबा, मी प्लंबर. ते बोल्ले, तू समुद्राकाठचा ना, मग तुला समजतं.

झालं. टाक्या बांधल्या, वर हिरवी जाळी, विमानानं पिल्लं आली. विहिरीचं पाणी खारट. नळाचं पाणी थोडंच, त्यात औषध घातलेलं, ते दोन दिवस उघडं ठेवायचं न मग सोडायचं, ते काय पुरायचं नाय. उरला टँकर. उन्हाळ्यात टँकरवाला पहिला घरांना पाणी देतो, मग आमाला. त्याचं पण बरोबरच, माणसं तहानलेली न मी मागतोय कुणासाठी? रोज फोन करायचा, रोज तो बोलायचा, बुकरा, म्हणजे उद्या. त्याचा उद्या कवा उजाडला नाय.

ऑगस्टात तीन दिवस टँकर आला नाय. टाकीतलं पाणी खाली गेलं, हाताला गरम लागायचं, न ती जनावरं भिंतीवर चढायला लागली, एकमेकाला खायला लागली. आमचा मॅनेजर केरळचा, बाबू, तो बोल्ला, विहिरीचं सोडतो. मी बोल्लो, भाई, मत करो, बच्चे मर जायेंगे. तो बोल्ला, ऐसे भी मर रहे हैं. न त्यानं व्हॉल्व उघडला.

दुपारपर्यंत पिल्लं सगळी उलटी. इतके दिवस मी त्यांना शिव्या घालत होतो, पण जाळीनं बादल्या भरताना खरंच जीव तुटला माझा.

बाबा आले. विचारलं, व्हॉल्व कुणी उघडला? बाबूचं तोंड पांढरं, त्या महिन्यात त्याचा अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, नवीन करायचा होता. मग माझंच डोकं सटकलं. मी बोल्लो, बाबा, व्हॉल्वचं सोडा, तीन दिवस पाणी का नाय आलं ते विचारा, प्लंबर पाणी जोडतो, पाणी बनवत नाय! एवढ्या जोरात मी बाबांशी कधी बोल्लो नव्हतो. वाटलं, आता तिकीट हातात देतात. ते बोल्ले, खलास, म्हणजे पुरे झालं, न गाडीत जाऊन बसले.

आधीच मोठी झालेली वाचली ती दोन टोपल्या. हॉटेलात ती पिशवी परदेशी मालापेक्षा महाग पडली, कोणी घेतली नाय, शेवटी बाबांच्याच घरच्यांनी खाल्ली. पुढं तिकडं पाऊस झाला, भाव उतरला, पण हॉटेलच्या कार्डावरचा काय उतरला नाय बघा. टाक्यांत आता बुल्टी मासा हाय, म्हणजे आपला तिलापिया, खारटातपण जगतो बिचारा. बाबू हायच, त्या दिवसापासून स्वतः चहा आणून देतो मला.

परवा बाबा परत आले, बोल्ले, कोळंबी वाढवू. मी बोल्लो, बाबा, पाणी? बोल्ले, अल्ला करीम, म्हणजे देव देईल. माणूस मनानं चांगला हाय, देव त्यांचं भलं करो, न त्यांना एखादा छंद बिनपाण्याचा देवो.