घड्याळात कुणाचा नंबर?

अरे ऐका ना, काल मी सिडकोत हाडांच्या दवाखान्यात बसलो होतो, आणि बाजूला व्हीलचेअरवर एक म्हातारे बाबा, एक हात गळ्यात बांधलेला, अन् सोबत त्यांचा पोरगा, चिकलठाण्याच्या कंपनीचा शर्ट घातलेला. पोरगा लई तापलेला!

"बाबा, पडलं की घरी फोन जावा म्हणून तर हे घड्याळ आणलं ना? मग का नाय गेला?"

"जातच होता. आधी त्यानं विचारलं, पडलात का? मी 'नाही' दाबलं."

"तासभर फरशीवर पडून होता तुम्ही!"

"हळू बोल रे, लोक बघायलेत."

"बघू द्या. का दाबलं?"

"संडासातून ह्या खुर्चीवर सरकताना पडलो. अंगावर धड कपडा नव्हता. फोन कुणाला गेला असता?"

"अमृताला."

"व्हय, सुनेला. आठ दिवसांनी पाणी आलतं, ती नळावर. गल्लीतल्या बाया घेऊनच पळत आली असती."

"तिला काय वाटलं नसतं, बाबा."

"मला वाटलं असतं ना. घड्याळात आधी तुझा नंबर होता की."

"तुम्ही खुर्चीत धपकन बसलात अन् 'नाही' दाबायला विसरलात, तरी मला फोन यायचा. कंपनीत पोरं हसायची."

"म्हणून काढला?"

पोरगा हातातली फाईल चाळायला लागला.

"सांग की."

"आजच परत माझा घालतो."

"उचलशील?"

तेवढ्यात आतून नाव पुकारलं. पोरगा उठला अन् खाली मान घालून खुर्ची ढकलायला लागला. खुर्ची काय हलेना.

"ब्रेक काढ आधी," बाबा म्हणाले.